अनसिंगचा निळा जाळ

साल एकोणीसशे सत्त्याहत्तर, महिना पौष, आणि माझं वय सहासष्ट. वयाचा दाखला माझ्यापाशी नाही. अठरा सालची मानमोडीची साथ आली तेव्हा तू सात वर्षांचा होतास, असं माय सांगायची, त्यावरून मी बोटं मोजली. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही वर्गाबाहेर ओट्यावर बसून. पुढचं वाचणं-लिहिणं मी माझ्या हिमतीनं शिकलो. अक्षर वाकडं असेल, बात सरळ आहे.

आमच्या इंझोरीची माणसं नागपूर-मुंबई करून येतात आणि येऊन सांगतात काय, तर इमारती किती मजल्यांच्या. मी या खेपेला तेवढा लांब गेलो नाही. एका दिवसाच्या यष्टीवर गेलो, तीन दिवसांत परत आलो. पण जे पाहून आलो ते इमारतीवाल्यांनी पाहिलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

इंझोरी

माझी बुढी कौतिका. तिचा उजवा डोळा दोन वर्षांपासून दुधासारखा झाला आहे. डाव्यातून पाणी गळतं. मानोऱ्याच्या डॉक्टरकडे नेली. त्यानं बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाला, "आजीबाई, उजवा आता परत येत नाही. डावा वाचवायचा असेल तर चुलीपुढं बसणं सोडा."

"मंग सैपाक काय झाडावर बसून कराव?" मी विचारलं.

डॉक्टर हसला. मी हसायला बोललो नव्हतो.

घरात आम्ही दोघंच. एकच पोरगी, सुमन, ती अनसिंगला दिलेली. घरी आल्यावर मी कौतिकाला म्हणालो, आजपासून भाकरी मी करतो. तीन दिवस केल्या. चौथ्या दिवशी तिनं माझ्या हातातली परात ओढली. "डोये जातीन तं जातीन. दात तरी राहू द्या," म्हणाली.

तेवढ्यात सुमनचं कार्ड आलं. 'बाबा, आमच्या घरी गोबरगॅस बसवला. शेणावर चहा होतो. धूर अजिबात नाही. मायच्या डोळ्यांसाठी एकदा येऊन पाहा.'

ते कार्ड मी हॉटेलात मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक. गावची ढोरं चारणारा दौलत तिथं बशीत चहा ओतून बसला होता. तो म्हणाला, "धुराबिगर जाळ? आबाजी, पोरीनं बापाले बोलवाले सोंग केलं. शेणावर च्या होत असता तं माह्या शंभर ढोराईवर म्या लगन उरकलं असतं."

सारं हॉटेल हसलं. मला राग आला आणि राग आला की मी बोलून जातो. म्हणालो, "खोटं निंघालं तं आल्या पायी वापस येतो. खरं निंघालं तं तोच जाळ माह्या घरात पेटवतो. बुढीचा डोया मी जाऊ देत नाई. ऐकून ठेवा सारे."

आता पाहायला जाणं भागच होतं. कौतिकानं उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि बोरं फडक्यात बांधून दिली. माझा नवा पांढरा दुपट्टा खांद्यावर टाकला आणि मी निघालो.

मानोरा, मंगरूळ, वाशीम

मानोऱ्याच्या स्टँडवर गर्दी नव्हती. तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला गेली की हे गाव निम्मं रिकामं होतं. एक म्हातारी तेवढी लाकडाची मोळी घेऊन झाडाखाली बसली होती. मोळी कसली, बोटाएवढ्या काड्या.

"माय, हे काय सरपण व्हय?" मी म्हणालो. "याच्यावर पाणी तरी ऊन होते काय?"

"तू जाऊन आण ना मोठं," ती म्हणाली. "डोंगरात जाय. पयले तांड्याच्या मांगं हात लांबवला का लाकूड. आता दोन कोस जावा लागते. अन् कुऱ्हाड दिसली का गार्ड मांगं लागते."

तिला मी बोरं दिली. तिनं एक खाल्लं, आंबट म्हणून तोंड केलं आणि बाकीची ओच्यात बांधली.

मंगरूळच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना जवस फुललेला होता. सकाळी ते फूल उघडतं, दुपारी मिटतं. निळा रंग असा, की आभाळ खाली अंथरलं आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण हाच रंग मला संध्याकाळी पुन्हा दिसणार होता आणि तोही पोरीच्या सैपाकघरात.

वाशीमला रेल्वेचं फाटक बंद. आमची यष्टी थांबली आणि इंजिन गेलं. कोळशाचं, काळंभोर, आभाळभर धूर सोडत. माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं नाकाला रुमाल लावला. मला मात्र ते इंजिन लहानपणापासून आवडतं. जेवढा धूर मोठा तेवढं बळ मोठं, असं मी आजवर समजत आलो. साठ वर्षांत मला याच्या उलट कोणी दाखवलं नव्हतं.

अनसिंग, पहिला दिवस

उन्हं कलताना पोचलो. सुमन दारात उभी होती.

"आले काय बाबा? एकलेच? मायले काहून नाई आणलं?"

"आधी मी पाह्यतो. लबाडी निंघाली तं बुढीले कायले हिंडवू?"

जावई श्रावण आतून आला. तो ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. मलमपट्टी करतो, अडलेली गाय सोडवतो. घरी त्याची बैलजोडी, तीन गाई आणि दोन म्हशी. "या मामाजी, पाय धुवा. च्या होते," म्हणाला.

"च्या मांगून. आधी जाळ दाखवा, जवाईबापू."

त्यानं मला घरामागं नेलं. तिथं जमिनीत एक गोल विहीर, विटांनी बांधलेली, आत पाण्याऐवजी शेणाचा काला. आणि त्या काल्यावर एक भलंमोठं लोखंडी पिंप पालथं घातलेलं, तरंगत. एका बाजूला कुंडी, तिच्यातून शेण-पाणी आत जातं. दुसऱ्या बाजूनं तेवढाच काला बाहेर पडतो. पिंपाच्या डोक्यावरून एक नळी निघून सैपाकघराच्या भिंतीत शिरलेली.

"हे पिंप सकाळी खाली असते," श्रावण म्हणाला. "दिवसभर आतमंदी गॅस जमते, तसं वर येते. सैपाक झाला का पुन्हा खाली बसते."

मी हात लावला. पिंप हललं. तळ्यात बसलेली म्हैस जशी श्वास घेताना वरखाली होते तसं ते होत होतं. सहासष्ट वर्षं मी शेणात पाय देऊन चाललो आणि ते श्वास घेतं हे मला माहीत नव्हतं.

मग सैपाकघर. सुमननं ओट्यावरच्या शेगडीची चावी फिरवली. बारीक फुस्स असा आवाज. काडी ओढली, फप्प झालं, आणि गोल जाळ उभा राहिला. निळा. मंगरूळच्या वावरातला जवस जसा. धूर नाही, ठिणगी नाही, वास नाही, फुंकणं नाही. मी भिंतीकडं पाहिलं, भिंत पांढरी. छताकडं पाहिलं, जाळं-काजळी काही नाही. सुमनच्या डोळ्यांकडं पाहिलं. स्वच्छ.

पण मी असा लगेच मानणारा माणूस नाही. कौतिकाच्या तव्याखाली हात फिरवला तर पंजा काळा होतो. मनात आलं, धूर असेल, दिसत नसेल. म्हणून मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि त्याचं टोक जाळावर धरलं, काजळी धरते का पाहायला.

काजळी धरली नाही. दुपट्ट्यानं पेट घेतला.

"अबे बाप रे!" श्रावणनं हात धुवायचा तांब्या माझ्या अंगावर रिकामा केला. सुमन हसून हसून खाली बसली. "बाबा, धूर नसला म्हंजे काय आगही नाई?"

वीतभर टोक जळालं. नवा दुपट्टा होता. पण काजळी नव्हती, हे मी जळक्या टोकावरून पक्कं करून घेतलं.

रात्रीच्या जेवणाला तिनं वांग्याचं भरीत केलं होतं. वांगं त्या निळ्या जाळावर भाजलेलं. मी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"कसं झालं बाबा?"

"वांगं चांगलं हाये. पण हे भरीत नाई. कपाशीच्या पराट्याचा धूर लागल्याबिगर भरीत होते काय कुठी?"

श्रावण मान खाली घालून म्हणाला, "हे मीही पयल्या दिवशी म्हनलं व्हतं मामाजी. तवापासून मले भरीतच नाई भेटलं."

आणखीही काही गेलं आहे, हे मी तिथं राहून पाहिलं. चूल नाही म्हणून राख नाही. सुमन भांडी मातीनं घासते, पितळेची असली की शेजारून राख मागून आणते. धूर नाही म्हणून छताच्या वाशांना कीड लागली, भुगा पडतो. बियाण्याची कणसं पूर्वी चुलीवर टांगली की वर्षभर टिकायची, ती आता डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी लागतात. मी हे सगळं पोरीला एकेक करून दाखवलं. तिनं सगळं कबूल केलं आणि निळ्या जाळावर दूध तापवायला ठेवलं.

अनसिंग, दुसरा दिवस

सकाळी थंडी जबर. उठून घरामागं गेलो तर सुमन कुंडीपाशी बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात. शेणात पाणी घालून गोळे फोडत होती, काडीकचरा वेचून बाहेर टाकत होती. माझं डोकं सटकलं.

"सातवी शिकोलं तुले, ते ह्याच्यासाठी?"

"ढेकूळ राह्यलं तं नळी तुंबते बाबा. आपल्याच ढोराचं शेण हाये. अर्ध्या घंट्याचं काम."

श्रावण कपडे करून निघाला होता. त्याला मी म्हणालो, "तुमी दवाखान्यातही दिवसभर हेच करता. लोकाच्या ढोरात हात घालता. कसं वाटत नाई हो तुमाले?"

तो रागावला नाही. म्हणाला, "मामाजी, तुमच्या वक्ताले कोनी हुकूम सोडे अन् तुमी करा. मले कोनी हुकूम नाई सोडत. बोलवाले येतात, 'या साहेब' म्हनतात. काम झालं का साबनीनं हात धुतो अन् त्याईच्याच ओसरीत खुर्चीवर बसतो."

'आमच्या वक्ताचं' काय ते वाचणाऱ्याला सांगायला पाहिजे. गावकीत आमच्या घराण्याच्या वाट्याला दोन कामं होती. मेलेलं ढोर दोरानं ओढून गावाबाहेर नेणं, आणि आखर साफ करणं. आखर म्हणजे गावची ढोरं रानात जाण्याआधी जिथं सकाळी जमतात ते मैदान. तिथलं शेण टोपल्यात भरायचं आणि पाटलाच्या उकिरड्यावर नेऊन टाकायचं. छप्पन साली बुद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो, त्या दिवशी मी तो दोर आणि ते टोपलं वेशीत ठेवून सगळ्यांदेखत पेटवून दिलं. शपथ घेतली, की माझ्या गोठ्याबाहेरच्या शेणाला माझं घर हात लावणार नाही. एकवीस वर्षं पाळली. माझ्याच नाही, कौतिकाच्या आणि सुमनच्या हातूनही पाळून घेतली. गावात माझं नाव आहे ते त्यामुळं.

त्या सकाळी जाळ मंदावला. भाकर अर्धी शेकली आणि निळं फूल बारीक बारीक होत विझलं. सुमननं ओसरीच्या कोपऱ्यातली जुनी चूल पेटवली, तुराट्या घातल्या आणि बाकीच्या भाकरी तिथं केल्या. थंडीत गॅस कमी येतो म्हणाली, हिवाळ्याचे दोन महिने असंच. मला बरं वाटलं. म्हणालो, "पाह्य, शेवटी चूलच कामी आली." पण ती धुरापुढं बसली आणि तिचे डोळे लाल झाले, तेव्हा माझं बरं वाटणं संपलं.

जेवण झाल्यावर श्रावणच्या वावरात गेलो. बाहेर पडलेला काला मी मुठीत घेतला, चोळला, हुंगला. शेणाचा वास नाही, एक माशी बसत नाही. मनात आलं, लोणी काढून घेतल्यावर राहतं ते ताक. सत्त्व जाळात गेलं, वावराला चोथा. श्रावणनं गव्हाचे दोन वाफे दाखवले, एका वाफ्यात उकिरड्याचं खत, एका वाफ्यात हा काला. काल्याचा गहू बोटभर उंच आणि रंगानं गर्द. मी वाकून दोन्ही वाफ्यांतली माती पाहिली. एका हंगामावर मी निकाल देत नाही, असं त्याला सांगितलं. पण रोपं माझ्यासमोर उभी होती आणि ती काही लबाड नव्हती.

खतासाठी मी असा अडून बसतो त्याला कारण आहे. शेण जाळणं म्हणजे वावराच्या तोंडचा घास काढणं. माझ्या गोठ्यातलं शेण मी कधी चुलीत जाऊ दिलं नाही, एक गोवरी थापू दिली नाही. माझं साडेतीन एकर वावर सगळ्या शिवारात काळंभोर आहे. इथं मात्र एकच शेण आधी चुलीत जात होतं आणि मग वावरातही जात होतं. एका भाकरीनं दोन माणसं जेवावीत तसं. मी बांधावर बसलो आणि बराच वेळ त्या गव्हाकडं पाहत राहिलो.

दुपारी घरी आलो तर दारात वरच्या आळीतल्या पाटलीणबाई, हातात दुधाचं पातेलं. "सुमनबाई, लेकराले दूध ऊन करून दे वो. माह्या चुलीत ओल्या काड्या, पेटता पेटत नाई."

सुमननं पातेलं घेतलं, निळ्या जाळावर ठेवलं, परत दिलं. पाटलीणबाई पदराच्या टोकानं धरून निघाल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "आमच्या घरी आठ ढोरं हायेत बुवा, पण शेणाएवढंच पाणी लागते म्हनते. उन्हाळ्यात पेवाले दोन गुंड भेटत नाई, कालवाले कुठून आणू?"

त्या गेल्यावर मी ओट्याला टेकून बसलो. आमच्या चुलीतला विस्तव कोणी नेत नसे. आमच्या घरचं ऊन झालेलं दूध पाटलाच्या लेकराच्या तोंडात! शेगडी पाहून मी थक्क झालो होतो, ते या पातेल्यापुढं काहीच नाही.

माझं ठरलं. श्रावण दवाखान्यातून आल्या आल्या मी म्हणालो, "जवाईबापू, मले असंच पाह्यजे. काय करा लागते?"

तो खूश झाला. म्हणाला, पंचायत समितीत फार्म भरू, सरकार हातभार लावते, गवंडी माझ्या ओळखीचा. तुमच्या विहिरीले पाणी हाये, ते काम झालं. मग त्यानं बोटं मोजली आणि थांबला.

"तुमच्या घरी दोन बैल अन् एक गाय. त्याईचं दोन टोपले शेण व्हईन रोजचं. सगळ्यात लहान पिंपालेही पाच टोपले लागते."

"मंग बाकीचं?"

तो सुमनकडं पाहू लागला.

"बोला ना जवाईबापू. बाकीचं कुठून आणाचं?"

"गावात तं एकच जागा हाये मामाजी," तो हळूच म्हणाला. "आखर. पंधरा दिवस रोज जमते का पाहा, मंग फार्म भरू."

मी उठून उभा राहिलो. "छप्पन साली टोपलं जाळलं म्या. राखही नाल्यात टाकली. हे तुमाले ठाऊक नाई?"

"ठाऊक हाये. म्हनूनच बोलत नव्हतो."

"मंग ऱ्हाऊ द्या तुमचा निळा जाळ!"

सुमन तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "बाबा, टोपलं जळलं तवा म्या नऊ वर्षांची व्हती. तुमच्या मांगंच उभी व्हती. लय आनंद झाला व्हता मले."

"मंग?"

"दुसऱ्या दिवसापासून म्या अन् माय सरपणाले नाल्यावर जात होतो. घरचं शेण वावरात. आखराकडं तुमी पाहू देत नव्हते. पराट्या होळीलोक पुरत, मंग पळसाचे ओले फाटे, नाई तं नाल्यातल्या बेशरमाच्या काड्या. फुकता फुकता मायचा जीव जाये. बाकीच्या बाया गोवऱ्या लावून मोकळ्या व्हायच्या, माय फुकतच ऱ्हाये." आवाज चढवला नाही तिनं. "शपथ तुमची व्हती बाबा. धूर मायनं खाल्ला."

मला कोणी असं बोललेलं नाही. बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. घरामागं गेलो आणि पिंपापाशी उभा राहिलो. ते वर आलं होतं, आवाज न करता, आपलं काम करत. एकवीस वर्षं कौतिकानं मला एकदाही म्हटलं नव्हतं, की तुमची शपथ माझ्या डोळ्यात जाते. सरपण नाही म्हणून भाकर चुकली असंही एक दिवस झालं नाही. मी ताठ मानेनं गावातून फिरत होतो आणि कौतिका फुंकणी घेऊन चूल फुंकत होती. पिंपाचं नवल मला श्रावणनं समजावून सांगितलं. हे नवल समजावणारं कोणी नव्हतं.

परतीचा दिवस

सकाळी निघताना सुमन पाया पडली. "बाबा, राग नोका धरू."

"राग कायचा? भरीत तेवढं शिक," मी म्हणालो.

मानोऱ्याला यष्टी बदलायला वेळ होता. बुरुडाच्या दुकानातून एक टोपलं घेतलं, दणकट, बांबूच्या जाड कांबीचं. कंडक्टर म्हणाला, "काय आबा, भाजी इकता काय?" मी तोंड फिरवलं.

दिवे लागायला घरी पोचलो. कौतिकाला सगळं सांगितलं. पिंप, जवसाच्या रंगाचा जाळ, पाटलीणबाईचं दूध. दुपट्टा जळाला ते ऐकून ती इतकी हसली की डोळ्यांना आणखी पाणी आलं. जळकं टोक हातात घेऊन तिनं चाचपलं. सुमन जे बोलली तेवढं मी सांगितलं नाही.

"धूर खरंच नाई?" तिनं चार वेळा विचारलं.

"खरंच नाई."

"मंग आपल्या घरी?"

"पाहू उद्या," म्हणालो. ती चुलीकडं वळली आणि फुंकू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेलेली पाहून मी टोपलं घेतलं आणि आखरावर गेलो. ढोरं जमू लागली होती. तीन-चार बाया आधीच शेण वेचत होत्या. मला पाहून त्या उभ्याच राहिल्या. आखरावरचं शेण कोणाच्या मालकीचं नाही, पण कोणाच्या तरी चुलीचं आहे. मी उचललेलं टोपलं म्हणजे त्यांच्या तेवढ्या गोवऱ्या कमी, हे मला कळत होतं. "बाया हो, तुमची जागा तुमची," मी म्हणालो. "मी पल्याडचं घेतो, काट्यायकडलं." तिकडं पायाला बाभळीचे काटे टोचतात म्हणून कोणी जात नाही.

वाकलो. शेणाचा पहिला पो हातात घेतला. ऊन होता.

"काय आबाजी!" दौलत काठी टेकून उभा होता. "छप्पनची शपथ सुटली काय? कोनाचा हुकूम झाला?"

"माहाच," मी म्हणालो. "अन् तुह्या शंभर ढोराईले सांग, उद्यापासून काट्यायकडं उभे ऱ्हा म्हना."

त्यानं पुढं येऊन टोपल्याला एका बाजूनं हात दिला. जळका दुपट्टा मी गोल गुंडाळला, त्याची चुंबळ डोक्यावर ठेवली आणि वर टोपलं घेतलं. आखरावरून आमच्या घराला नाल्याकडून मागची वाट आहे. मी त्या वाटेनं गेलो नाही. वेशीतून, हॉटेलावरून, चावडीपुढून आलो. माणसं पाहत होती. मान ताठच होती, टोपल्याखाली दुसरी राहतही नाही.

कौतिका दारात उभी होती. डाव्या डोळ्यावर हाताची सावली धरून तिनं माझ्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "कोन व्हय वो बाई? अठी नोको उतरवू माय शेण. आमच्या बुढ्यानं पाह्यलं तं गावभर कावन."

मी टोपलं तिच्या पायापाशी उतरवलं. डोक्यावरची चुंबळ सुटून खाली पडली. ती वाकून उचलायला गेली आणि तिच्या बोटांना जळकं टोक लागलं. ते तिनं पुन्हा पुन्हा चाचपलं.

"तुमी?"

"हाव," मी म्हणालो. "अजून दोन खेपा हायेत. दारातून सरक."